मी गाळलेली ओळ

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात मी इस्रायलमध्ये, बेर्शेबाच्या बाहेर, विटा आणि कौलं करणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. वय तेवीस. मुंबईहून येऊन आठ वर्षं झाली होती. इंग्रजी मुंबईच्या शाळेतलं, मराठी घरचं आणि हिब्रू इथल्या वर्गात, बाजारात, बसच्या रांगेत भांडून शिकलेलं. तीन भाषा येतात म्हणून कारखान्यात मला थोडा भाव होता, आणि माझ्या स्वतःच्या मनात तो बराच जास्त होता. आमच्या माणसांपैकी कुणालाही पत्र, नोटीस किंवा दवाखान्याची चिठ्ठी आली की ती माझ्या टेबलावर यायची. मी वाचून दाखवायचे, पण कपाळाला आठी घालून. 'एवढंही समजत नाही?' असं ती आठी म्हणायची. ती पोरगी आज कुठं भेटली तर तिला दोन ठेवून देईन.

आमची माणसं म्हणजे कोकणातल्या गावांतून मुंबईला आणि मुंबईहून इथं आलेली मराठी ज्यू, बेने इस्रायल माणसं. माझे वडीलही पूर्वी त्याच कारखान्याच्या भट्टीवर होते. धुळीनं त्यांची छाती भरली आणि ते घरी बसले. दोन भावंडं शाळेत होती. घरात येणारा पगार माझा एकटीचा होता, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

माती मळायच्या खात्याचे मुकादम माझ्या आईच्या गावचे. नात्यानं कुणीच नव्हते, पण सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. इराकी आणि रुमानियन लोकसुद्धा, त्यांना वाटायचं ते त्यांचं नावच आहे. मुंबईत ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. हातात स्पॅनर असला की शांत, नसला की उपदेश. मी केस कापले तेव्हा त्यांनी मला लागोपाठ तीन शनिवार प्रार्थनेनंतर अंगणात गाठून बोल लावले होते. त्यांना हिब्रू अक्षरं लहानपणापासून येत. आमच्या प्रार्थनाघरात तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचायला त्यांनाच बोलवत आणि त्यांचा आवाज ऐकायला बायका पडद्याच्या पुढं सरकत. अर्थ मात्र त्यांना अर्धा-मुर्धाच कळे. बाजारातलं हिब्रू तर त्याहून कमी. भाजीवाल्याशी ते मराठीत घासाघीस करायचे आणि शेवटी 'बेसेदेर', म्हणजे ठीक आहे, म्हणून पिशवी पुढं करायचे.

त्यांच्या खात्यात एक जण मेला. आमच्याच घरांच्या रांगेतल्या एका मावशीचा थोरला मुलगा, सत्तावीस वर्षांचा. मावशी विधवा. धाकटा मुलगा हैफाला मालाच्या बोटीवर खलाशी होता, महिनोन्‌महिने समुद्रावर.

माती मळायचं मशीन म्हणजे एक मोठा लोखंडी हौद आणि त्यात फिरणारी पाती. दर शुक्रवारी, शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या आधी, एक माणूस आत उतरून पात्यांना चिकटलेली माती खरवडायचा. नियम असा होता की उतरणाऱ्यानं आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. पण फ्यूजच्या पेटीचा दांडा चार महिन्यांपासून तुटलेला होता, पेटी उघडतच नव्हती. मामांनी इंजिनिअरला तीनदा सांगितलं होतं, तेही तोंडी. लेखी मागणी करणं आमच्या माणसांच्या अंगातच नव्हतं, आणि ज्या पोरीनं ती दोन मिनिटांत टाइप करून दिली असती तिच्याकडं ते तिच्या आठीमुळं आले नसतील, असं मला पुढं फार वेळा वाटलं.

दांडा तुटलेला, म्हणून मामा दर शुक्रवारी स्वतः स्विचपाशी उभे राहायचे. त्या शुक्रवारी त्यांनी त्याला आत उतरवलं, उभे राहिले, आणि इंजिनिअरनं निरोप पाठवला की मुख्य कचेरीचा फोन आहे, ताबडतोब या. मामा गेले. दोन मिनिटं, फार तर तीन. शेजारच्या खात्यातला एक रुमानियन कामगार आला, मशीन बंद दिसलं, त्यानं सुरू केलं. किंकाळी मी कचेरीत ऐकली. मामा माझ्यासमोरच फोन धरून उभे होते. फोन तसाच लोंबकळत सोडून ते पळाले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सगळ्या बेने इस्रायलांत ती आहे असा माझा दावा नाही. माझ्या आजोळकडच्या चार-दोन गावांतली असावी. ज्यानं मयताला शेवटचं काम सांगितलं, किंवा शेवटचा घास वाढला, त्यानं मयताच्या जवळच्या माणसापुढं उभं राहून म्हणायचं, "माझ्या हातानं गेला. मीच मारला त्याला. माफ कर." त्यावर घरच्या माणसानं म्हणायचं, "तुझ्यावर बोल नाय. पाणी घे," आणि पेलाभर पाणी द्यायचं. त्यानं ते प्यायलं की संपलं. दोघं मग मिळून रडायला मोकळे. जवळच्या प्रत्येक माणसाला पहिल्यांदा भेटताना हे म्हणायचं असतं. माझी पणजी नव्वदीत, सुखानं, वरण-भात खाऊन गेली, तर वरण वाढणाऱ्या सुनेनं पाच दिरांपुढं पाच वेळा 'मीच मारली' म्हटलं आणि पाच पेले पाणी प्याली. शेवटच्या पेल्याला तिला उचकी लागली आणि सगळे हसले, असं आई सांगायची.

मामा दफनाच्या संध्याकाळीच मावशीकडं गेले. मी तिथं भांडी विसळत होते. खाली चटईवर बसलेल्या मावशीपुढं ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या हातानं गेला तो, बाय. मीच मारला. मला माफ कर." मावशींनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.  मग त्या म्हणाल्या, "तुझ्यावर बोल नाय, दादा. पाणी घे." मीच पाणी नेऊन दिलं. पिताना त्यांचे दात पेल्यावर वाजत होते. दुःखाच्या घरी असूनही मला त्या क्षणी हलकं वाटलं, ते आठवतं.

दहा-बारा दिवसांनी तपास सुरू झाला. सकाळी इंजिनिअरनं माझ्या टेबलावर सात छापील कागद टाकले. तो म्हणाला, "साडेदहाला तपासनीस येतोय. ज्यांना विचारायचंय त्यांची आधी लेखी संमती लागते. सातही सह्या तयार ठेव. आणि घाबरवू नकोस त्यांना."

कागद हिब्रूत होता, चार ओळींचा. मी स्वखुशीनं जबाब देतो आहे. उत्तर द्यायला मी बांधलेला नाही. नकार देऊ शकतो, आधी वकिलाचा सल्ला घेऊ शकतो. मी जे बोलेन ते लिहून घेतलं जाईल आणि न्यायालयात माझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकेल. वरचा सगळा मजकूर मला माझ्या भाषेत वाचून समजावला आहे. खाली जबाब देणाऱ्याची सही, आणि तिच्याखाली वाचून दाखवणाऱ्याची.

मी तो वाचला तेव्हा मला सगळा कळला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी स्वतःला फार दिवस सांगत राहिले की घाईत लक्ष गेलं नाही.

त्या वर्षी आमची माणसं कागदाला भ्यालेली होती. आम्ही खरे ज्यू का, आमची लग्नं इथं लावायची की नाही, यावर मोठ्या धर्मगुरूंत वाद चालला होता, आणि लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरापोरींना आजीच्या आजीची नावं विचारत होते. दर घरात कुणीतरी कुठल्यातरी मिसरादमधून, म्हणजे कचेरीतून, तोंड पाडून परत आलेलं होतं. तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल असं मी मोठ्यानं वाचलं असतं तर सातांतला एक उठून गेला असता आणि त्याच्यामागून बाकीचे सहा. मग इंजिनिअरला काय सांगायचं? शिवाय मला वाटलं, यांनी काय केलंय म्हणून यांच्याविरुद्ध काही वापरतील? खरं काय झालं ते सांगतील, इंजिनिअरच्या अंगावर येईल, बरंच होईल. एवढा विचार मी केला, आणि माझ्यापुरता तो शहाणपणाचा होता.

मी सातही जणांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तपासाला मदत करायला तयार आहोत, असं लिहिलंय. इथं सही करा." सहा जणांनी केली. कुणी मराठीत, कुणी मोडक्या इंग्रजीत.

सातवे मामा. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, लावला आणि कागद उचलून वाचायला लागले. प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांना खालीवर खुणा असतात, त्यावरून उच्चार कळतो. सरकारी कागदावर त्या नसतात. म्हणून ते अडखळत होते, पण सोडत नव्हते. बोट सरकवत, तोरा वाचायच्याच सुरात, त्यांनी तिसरी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. मग बोट एका शब्दावर थांबलं.

"हा मिशपात हाय ना गो? न्याय. तोरात येतो. हिथं न्यायाचं काय लिवलंय?"

मी घड्याळाकडं बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काही नाही हो मामा. छापील असतं, नेहमीचंच. तुम्ही सही करा."

"सगळं बराबर हाय ना?"

"मी वाचलंय ना."

"मंग बेसेदेर," म्हणून त्यांनी सही केली. त्यांच्या सहीखाली मी माझी केली, वळणदार. मजकूर वाचून समजावला आहे, असं माझ्या सहीशेजारी छापलेलं होतं.

जबाब कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत घ्यायचे होते. तपासनीस पन्नाशीचा, थकल्या चेहऱ्याचा, सभ्य माणूस होता. सगळे साक्षीदार तो एकेक करून बोलावणार होता आणि दुभाषी म्हणून मी त्याच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला भिंतीशी मयताचा धाकटा भाऊ बसला होता. त्याची बोट आदल्या दिवशी हैफाला लागली होती. सुतकाचे सात दिवस उलटून गेल्यावर त्याला कळलं होतं. घरच्यांपैकी कुणी हजर राहायला हरकत नाही म्हणून तपासनिसानं त्याला बसू दिलं. तो सहा-सात वर्षांचा असताना इथं आला, पुढं वसतिगृहात वाढला. मावशी त्याच्याशी मराठीत बोलायच्या, तो हिब्रूत उत्तर द्यायचा.

पहिले मामा आले. दारातून दोन पावलं आत टाकली आणि त्यांना तो दिसला. भावाच्या मरणानंतर पहिल्यांदा. मामांनी टोपी सारखी केली, तपासनिसाकडं न बघता सरळ त्याच्यापुढं गेले, हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या हातानं गेला तो. मीच मारला त्याला. मला माफ कर."

मग ते उभे राहिले. टेबलावर पाण्याचा जग होता, शेजारी पेले होते. मामा पाण्याची वाट बघत उभे होते. त्या पोरानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय म्हणाले?" तपासनिसानं विचारलं.

उत्तर द्यायला मला किती वेळ होता? चार-पाच सेकंद असतील. त्यात मी सांगू शकले असते की ही आमच्यातली रीत आहे, हे अर्धंच बोलणं आहे, याचं उरलेलं अर्धं या मुलानं बोलायचं असतं आणि ते त्याला माहीत नाही. मी उठून स्वतः एक पेला भरू शकले असते. पण मला लाज वाटली. एका शिकलेल्या, नीटनेटक्या सरकारी माणसापुढं आमच्या कोकणातल्या गावची रीत काढून दाखवायची, आणि तीसुद्धा आमच्या प्रत्येक रीतीकडं भिंगातून बघत होते त्या दिवसांत! शिवाय मला वाटलं, चांगला दुभाषी शब्दाला शब्द देतो. तेव्हा मी दिला.

"ते म्हणतात, तो माझ्या हातानं गेला. मी त्याला मारलं. मला माफ कर."

तपासनिसाची पेन्सिल चालली. भाऊ हिब्रूत म्हणाला, "म्हणजे कबूल करतोय." त्याच्या आवाजात राग नव्हता. हे ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं एवढंच.

मामांना ते हिब्रू कळलं नाही. पाणी येत नाही हे मात्र कळलं. त्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. तपासनिसानं खुर्ची दाखवली, ते बसले आणि पुढचा अर्धा तास त्यांनी सगळं खरं सांगितलं: दांडा, तीनदा केलेली तक्रार, फोन, दोन मिनिटं. मी शब्दाला शब्द देत गेले. "तुम्ही जागेवरून हललात का?" "हललो." "त्याला आधी बाहेर काढलंत का?" "नाय काढला." लिहून झाल्यावर तपासनिसानं पान उलटून पहिल्या वाक्याखाली रेघ मारली. ती रेघ मी बघितली.

इंजिनिअरनं आपल्या जबाबात सांगितलं की दांड्याची तक्रार त्याच्यापर्यंत कधी आलीच नाही, आणि फोनवर यायला घाई आहे असं त्यानं म्हटलं नव्हतं. निरोप घेऊन गेलेल्या शिपायाला काही आठवत नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मामांवर हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याचा खटला दाखल झाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढलेला नाही. कारखान्यानं त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं. प्रार्थनाघरात ते अजून यायचे, पण तोरा वाचायला उठेनात. बोलावलं की मान हलवायचे.

मावशींना हे कळलं तेव्हा त्या भर रस्त्यात ओरडल्या. "मी त्याला पानी दिलंय! मी दिलंय ना! मंग ह्ये कोन परत इचारनारे?" त्यांना मी घरी घेऊन गेले. कोण विचारणारे ते मला चांगलं माहीत होतं.

मी बस धरून तपासनिसाच्या कचेरीत गेले. रीत आता समजावून सांगितली, त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "असेल. पण जे तो बोलला ते बोलला. जबाबाच्या आधी त्यानं लेखी संमती दिली आहे. आपलं बोलणं आपल्यावर येऊ शकतं, हे त्याला माहीत होतं."

"नसलं माहीत तर?"

त्यानं फाईल उघडली आणि संमतीपत्र माझ्यापुढं सरकवलं. माझी वळणदार सही.  मग तो अगदी हळू म्हणाला, "हा कागद वाचून दाखवला नसेल तर जबाब बाद होतो. अख्खा. त्यासाठी वाचणाऱ्यानं तसं लिहून द्यावं लागेल. मग खोटी सही का केली, हे त्याला विचारावं लागेल." आणि त्यानं एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला, शेजारी पेन ठेवलं, आणि चहा आणायला म्हणून बाहेर गेला. त्याला चहा नको होता. तो मला वेळ देत होता.

मी त्या कोऱ्या कागदाकडं बघत वडिलांच्या छातीचा विचार केला, भावंडांच्या शाळेचा केला, नोकरीचा केला. या सगळ्याच्या तळाशी दुसरंच काही होतं, तेही आता लिहून टाकते. सगळ्या कारखान्याला कळणार होतं की जिला तीन भाषा येतात तिनं चार ओळी वाचून दाखवल्या नाहीत. मला पगारापेक्षा त्याची भीती जास्त वाटली. तपासनीस परत यायच्या आत मी निघून आले.

खटला चौसष्टच्या सुरुवातीला उभा राहिला. सरकारी वकिलानं मला साक्षीला बोलावलं होतं, संमतीपत्राच्या सहीपुरतं. खरं तर साक्षीदारानं बाहेर बसायचं असतं. मला कुणी सांगितलं नाही आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मामांच्या बाजूनं कामगार संघटनेचा एक तरुण वकील होता. हुशार होता. सगळ्या फाईलमधली एकच कच्ची वीट कुठं आहे ते त्यानं बरोबर हेरलं होतं. मला ते आधीच कळलं होतं, कारण आदल्या आठवड्यात त्यानं मामांना माझ्यादेखत विचारलं होतं, "खरं सांगा, कागद वाचून दाखवला होता का?" मामा त्याला म्हणाले होते, "कोर्टात सांगेन."

कोर्टाचा दुभाषी मुंबईचाच एक वयस्कर गृहस्थ होता. मामा पिंजऱ्यात उभे राहिले. पवित्र ग्रंथावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. हात ठेवायच्या आधी तो त्यांनी सदऱ्याला पुसला. शब्बाथला काडी न ओढणारा, खोट्या मापाच्या दुकानातून मीठ न घेणारा माणूस.

वकिलानं विचारलं, "जबाबाच्या आधी तुम्ही ज्या कागदावर सही केलीत, तो तुम्हाला तुमच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवला होता का?"

दुभाष्यानं मराठीत विचारलं.  मामांनी मान वळवली आणि मागच्या बाकाकडं, माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. प्रार्थनेच्या वेळी पुढचं पान कुणी काढून देतंय का म्हणून बघावं, तसं. न्यायाधीशानं वर बघितलं. वकिलानं प्रश्न पुन्हा विचारला. मी माझ्या बुटांकडं बघत होते. नाडी सुटलेली होती. ती बांधावी का, असा विचार माझ्या मनात आला होता, हे मला आजही खरं वाटत नाही.

"व्हय," मामा म्हणाले. "वाचून दाखीवला. सगळा."

वकिलानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. माझी साक्ष मग कुणी घेतली नाही; गरजच उरली नाही.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. चार महिन्यांची कैद; पंधरा दिवसांत हजर व्हायचं. मावशी कोर्टाच्या जिन्यात बसून राहिल्या होत्या. त्यांचा धाकटा आला नव्हता, त्याची बोट सुटली होती. मामांना निकालाची प्रत मिळाली होती, सहा-सात पानांची. बाहेरच्या बाकावर ते मामींशेजारी बसले होते. मी समोरून मान खाली घालून जायला बघत होते, तर त्यांनी हाक मारली.

"हिकडं ये गो बाय. ह्ये वाच. मामीला पन कळूं दे."

"मामा, थोडक्यात सांगू का? मोठं आहे."

"थोडक्यात नको. येक बी ओळ सोडू नको."

मी बाकाच्या टोकाला बसले आणि वाचायला लागले. हिब्रूतलं वाक्य डोळ्यानं वाचायचं, मराठीत बोलायचं. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. फ्यूजचा दांडा, हौद, फोन, सगळं आलं. तिसऱ्या पानावर संमतीपत्र आलं. संमतीपत्र आरोपीला पूर्ण वाचून दाखवलं होतं, असं वाचून दाखवणाऱ्या बाईंची सही सांगते, आणि आरोपीनं स्वतः शपथेवर ते मान्य केलं आहे. म्हणून त्याचा जबाब ग्राह्य धरण्यात येत आहे. तिथं मी थांबले. पुढची अक्षरं दिसेनात.

मामा माझ्याकडं बघत नव्हते. रस्त्यापलीकडं उभ्या असलेल्या बसकडं बघत होते.

"थांबलीस कशाला?" ते म्हणाले. "थांबायचं तवा मी थांबलेलो. पिंजऱ्यात. मला वाटला, तू उठशील."

मामींनी पदर सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"वाच," मामा म्हणाले.

मी वाचलं. अजून चार पानं होती.